पत्ता तीन

नदाफ चाचांनी काउंटरवर पिशवी उपडी केली नाही,
एकेक काढलं. तीन इंजिनं, तीन जुने बनियन.
म्हणाले, "एकाला बोलावलं की तिन्ही येत्यात. बघा की जरा."

माझं दुकान मिक्सरचं. फार तर इस्त्री, गिझर.
तरी मी स्क्रू काढले. आत नखाएवढी चिप,
आणि तिच्यात लिहिलेलं : तीन.
दुसऱ्यात, तीन. तिसऱ्यात, तीन.
कारखाना सगळ्यांना तीनच नंबर देतो, म्हटलं,
पुढचं बारसं ज्याचं त्यानं करायचं.

संध्याकाळी गावभागात त्यांच्या घरी गेले.
रूळ टेबलावर नाहीत, भिंतीला, माझ्या कपाळाच्या उंचीवर.
खाली चुन्यावर तपकिरी रेघ, पुराची.
"रेघेच्या वर एक वीत धरली," म्हणाले,
"कृष्णामाईशी भांडत नाही आपण. माप घेतो."

स्टुलावर उभी राहून मी समजावलं :
चाचा, रुळात वीज सारखीच वाहते, कमी नाही, जास्त नाही.
तिच्यातच निरोप जातो. आखूड ठोका म्हणजे एक,
लांब ठोका म्हणजे शून्य.
निरोप सगळ्यांच्या चाकांतून आत शिरतो,
सगळे ऐकतात,
ज्याचा नंबर पुकारला तोच हलतो.
बाकीचे ऐकून उभे.

ते बराच वेळ रिमोटकडे बघत राहिले.
रिमोट फडक्यात धरलेला.
मिरजेच्या केबिनमध्ये एकतीस वर्षं लिव्हर ओढले,
उघड्या हाताचा घाम लोखंडाला लागला की गंज चढतो,
ती सवय. प्लास्टिकला गंज चढत नाही
हे मी सांगितलं नाही.

नंबर त्यांनीच दिले. अकरा, सत्तावीस, चाळीस.
का, ते विचारलं. "लिव्हर होते माझे.
चाळीस लई जड. पावसाळ्यात दोघं लागायचो."
चाळीस दाबलं. हिरवं इंजिन एकटंच निघालं,
कॅलेंडरखालून, मीटरच्या पेटीला वळसा घालून,
खिडकीपाशी जरा अडखळलं
(तिथं रूळ स्पिरिटनं पुसायला हवेत)
आणि पुढं गेलं.
अकरा, सत्तावीस जागच्या जागी.
चाचांच्या तोंडून हसूबिसू नाही, एक "हं" निघाला,
काम झाल्यावर निघतो तसा.

आणि शून्य? त्यांनी विचारलं. शून्य कुणाचा?
म्हटलं, कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा.
लाल बटण दाबलं की शून्याच्या नावानं निरोप जातो : थांबा.
मग नंबर बघत नाही कुणी.
"हे चांगलं केलंय," म्हणाले.
मग थोड्या वेळानं, "हे लई चांगलं केलंय."
कुठली रात्र आठवली असेल, मी विचारलं नाही.

निघताना त्यांनी कपाटातून चौथं काढलं.
पत्र्याचं, तेलाच्या डब्याचं, हातानं ठोकलेलं.
नॅरोगेजचं म्हणून केलेलं, चाकं मात्र मोठ्या मापाची मिळाली.
आत चिप नाही. खेळण्यातली मोटर.
मी नको म्हणेपर्यंत रुळावर ठेवलं.

ते हललं नाही.
गुणगुणायला लागलं.
ठोके सगळे आत शिरत होते, आखूड, लांब, आखूड,
अकराचे, सत्तावीसचे, चाळीसचे,
आणि त्याला एकही अक्षर येत नव्हतं.
पत्रा थरथरत होता, चिमणीवरचा रंग थरथरत होता.

चाचा, मोटर जळेल. काढा.
"काढतो."
यालाही चिप बसवू, मी म्हटलं, छोटी मिळते, पुण्याहून मागवते,
नंबर काय देऊ?

त्यांनी फडक्याची घडी केली, उलगडली, परत केली.
"याचा राहू दे," म्हणाले,
आणि दोन बोटांनी उचललं, गरम झालं होतं,
एका हातातून दुसऱ्या हातात करत
फुंकर मारत उभे राहिले.

तीनशे पन्नास झाले. मी तीनशेच घेतले.
त्यांनी वरचे पन्नास साबणाच्या डबीखाली ठेवले,
जिथून मी ते उचलेपर्यंत
ते खिडकीतल्या रुळाला स्पिरिट लावायला वळले होते.